टाके घातलेला पंख

ठक. ठक. ठक. टप.

टकल्याचा हात थांबला. त्याने तो जरा मागे घेतला आणि पुन्हा त्याच जागी, तेवढ्याच हलक्या हाताने मारला.

टप.

"इथे काहीतरी आहे," टकल्या म्हणाला.

जुई पंखावर इतकी वाकली, की तिचं नाकच त्याला टेकलं. काळाभोर, गुळगुळीत पंख. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. ना ओरखडा, ना भेग, ना पोचा.

"काही नाहीये. तुझेच कान बिघडलेत."

"माझे कान आज सकाळी तपासले आहेत," टकल्या म्हणाला. "डोळ्यांना काही नाही. कानांना आहे."

टकल्या हा गुडघ्याएवढ्या उंचीचा यंत्रमानव. सहा पाय, एक हात आणि त्या हाताच्या टोकाला सुपारीएवढी हातोडी. पवनचक्क्यांच्या पात्यांवर चढायचं, ठोकत जायचं आणि आवाज ऐकून आतली खबर सांगायची, हे त्याचं काम. डोकं अगदी तुळतुळीत, म्हणून जुईने त्याचं नाव टकल्या ठेवलं होतं. अडचण एवढीच होती, की तिने मोठ्याने "टकल्या!" अशी हाक मारली, की तिचे आजोबाही वळून बघायचे.

आत्ताही ते वळले. हातातली पकड खाली ठेवून टेबलापाशी आले. "वाजव बघू पुन्हा," म्हणाले.

टकल्याने वाजवलं. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं.

"आजोबा, घार उडणार ना?" जुईने विचारलं.

"हा पंख लावून नाही उडवता यायची, बाळा."

जुईने पंख दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ती आणि आजोबा कोंडसड्यावर राहत होते. सडा म्हणजे कोकणातलं उंचावरचं सपाट कातळरान. झाड औषधालाही नाही, वारा मात्र आठही प्रहर. पूर्वी इथे पवनचक्क्या सांभाळणाऱ्यांची बरीच कुटुंबं होती, क्रिकेट खेळायला पुरतील इतकी मुलं होती. मग पवनचक्क्या आपलं आपण बघायला शिकल्या आणि एकेक घर कुलूप लावून खाली उतरलं. राहिले ते आजोबा. विमानांचे पंख करण्यात त्यांची उमर गेली होती आणि आता टकल्यासारख्या यंत्रांची देखरेख त्यांच्याकडे होती. जुईची शाळा पडद्यावर भरायची. वर्गातली मुलं चौकोनांमध्ये दिसायची. शाळा सुटली की चौकोन एकामागून एक विझायचे, आणि मग खोलीत फक्त वारा ऐकू यायचा.

बाबांना तिने फोटोतच पाहिलं होतं. आई मात्र होती. पण ती समुद्रात होती, खोल पाण्यावर तरंगणाऱ्या एका संशोधन केंद्रावर. समुद्र किती तापतोय, लाटा कशा बदलतायत, हे ती मोजायची. सड्याच्या टोकावरून ते केंद्र दिसायचं नाही. जुई तरी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बघायची.

पावसाळा लागला, की होड्या बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोणी पाण्यात शिरत नाही. तोवर आईकडे काही पाठवायचं म्हटलं तर आकाशाशिवाय वाट नाही. म्हणून आजोबांनी घार केली होती आणि सड्यावर रोज थोडी उडवून बघितली होती. घार म्हणजे माणसाशिवाय उडणारं, लांब पंखांचं एक हलकं विमान. पावसाने दोन-तीन दिवसांची उघडीप दिली, की घार आईकडे जाणार होती. तिच्या पोटात जाणार होती जुईने शिवलेली गोधडी. तिला आखूड झालेल्या फ्रॉकांची आणि तिच्या आजीच्या एका मऊ सुती लुगड्याची.

कारण मागे एकदा रेडिओवर आई म्हणाली होती, "थंडी नाही गं वाजत इथे. पण रात्री झोप म्हणून लागत नाही. अंगावर काहीतरी परकंच घेतल्यासारखं वाटतं."

आणि आता आजोबा म्हणत होते, पंख चालणार नाही.

"पण काही झालेलंच नाहीये त्याला!" जुईचा आवाज चिरका झाला. "एवढा चकचकीत आहे!"

"चकचकीत आहे बाहेरून," आजोबा म्हणाले. "अगं, बाजारात मडकं घेताना आपण काय करतो?"

"वाजवून बघतो."

"का?"

"बद्द वाजलं तर ते फुटकं असतं म्हणून."

"तसंच हे. सगळा पंख एकजीव असला, की ठोका सगळ्या जाडीतून जातो आणि खणखणीत परत येतो. पण आत कुठे वरचा पापुद्रा सुटला असेल, तर तेवढाच पापुद्रा फडफडतो. मधली हवा आवाज गिळते. म्हणून टप."

"पण पापुद्रा कशाचा? पंख तर एकसंध आहे."

"दिसतो एकसंध." आजोबांनी स्टूल ओढून तिला बसवलं. कोपऱ्यातून काळ्या कापडाचा एक तुकडा आणला. "हात लाव."

चटईसारखं विणलेलं, थंडगार, किंचित चमकणारं कापड.

"हे कार्बन फायबर (कार्बनचे, केसाहूनही कितीतरी बारीक असे तंतू). तंतूच्या लांबीत ओढलंस, तर हे पोलादालाही हार जाणार नाहीत, आणि वजन मात्र नावाला. पण नुसतं कापड लुळं. म्हणून त्याचे थर एकावर एक रचायचे. एक उभा, एक आडवा, एक तिरका, म्हणजे कुठूनही जोर आला तरी कोणाचे ना कोणाचे तंतू तो झेलतील. मग त्यात इपॉक्सी राळ (तापवली की दगडासारखी घट्ट होणारी चिकट राळ) मुरवायची आणि भट्टीत ठेवायचं. झाला पंख. राळेचा ताठपणा आणि तंतूंची ताकद. अशा जोडीच्या पदार्थाला संमिश्र पदार्थ (वेगळे पदार्थ एकत्र आणून केलेला, दोघांचे गुण असलेला पदार्थ) म्हणतात."

"मग एवढं मजबूत आहे तर?"

"सांग बघू, एका थरातले तंतू त्याच्या वरच्या थरात जातात का?"

जुईने कापड उलटंपालटं केलं. "नाही. प्रत्येक थराचे तंतू त्याच्याच थरात."

"मग दोन थरांना धरून कोण ठेवतं?"

"राळ."

"नुसती राळ. दोघांच्या मधल्या रेषेवर एकही तंतू नाही. तू दिवाळीत चिरोटा खातेस तो कसा?"

"बोट लावलं की पदर सुटतात," जुई म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

"चिरोट्याचे पदर सुटले तर सुगरणीचं कौतुक होतं," आजोबा म्हणाले. "पंखाचे सुटले तर पंख जातो. याला स्तरविलगन (थर एकमेकांपासून सुटणे) म्हणतात. वाईट खोड ही, की बाहेरून काही कळत नाही. पंख रोज वाकतो, सरळ होतो, आणि आतली फट दर खेपेला थोडी पुढे सरकते. एक दिवस वाऱ्याचा मोठा झोत येतो..."

त्यांनी दोन्ही हातांनी काडी मोडल्याची खूण केली.

"पण फट सुरू कशाने झाली?" टकल्याने विचारलं. "पंख तयार झाला त्या आठवड्यात मी तो ठोकला होता. त्या वेळी जेमतेम तीळभर शंका होती. आता तळहाताएवढी जागा बद्द वाजते."

"तेच तर कळत नाही. काही आदळलं नाही, पडलं नाही." आजोबांनी कपाळ चोळलं. "कापून बघावं लागेल."

जुईला तोंडावर जाड मुसकं बांधायला लावलं होतं, कारण कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. आजोबांची करवत कर्र करून फिरू लागली, तेव्हा तिने कानही झाकून घेतले. तो पंख करताना तिने स्वतः प्रत्येक थर हाताने चापून बसवला होता. हवेचा एकेक बुडबुडा लाटण्याने काठाकडे ढकलला होता.

करवत थांबली. आजोबांनी कापलेली कड दिव्याखाली धरली. काळ्या थरांमध्ये नखाच्या कडेएवढी एक फट होती, लांबवर गेलेली. आणि फटीच्या बरोबर मधोमध काहीतरी पिवळट होतं. चार-पाच बारीक, टोकदार ठिपके.

"हे काय बुवा?" आजोबांनी भिंग घेतलं. "किडा? छे. हे तर..."

"तांदूळ," जुई म्हणाली.

तिने मुसक्यातूनच म्हटलं, म्हणून ते फार हळू ऐकू आलं. आजोबांनी वर पाहिलं.

"मी घातले," ती म्हणाली. "तुम्ही पेज उतू जातेय का बघायला आत गेला होतात तेव्हा. शेवटचा थर टाकायच्या आधी."

"पंखात तांदूळ? ते का गं?"

जुईने मुसकं खाली ओढलं. "आजी गोधडी शिवायची ना, तेव्हा शेवटचा कोपरा उघडा ठेवायची. त्यात चिमूटभर तांदूळ घालायची आणि मग टाका मारायची. म्हणायची, उपाशी गोधडी ऊब देत नाही. तिच्या पोटात घास हवा." तिने मुसक्याची नाडी बोटाला गुंडाळली. "मला वाटलं, घार एवढ्या लांब जाणार. एकटी. उपाशी कशाला..."

बाहेर वारा कुलूप लावलेल्या घराची एक खिडकी हापटत होता.

आता ओरडतील, जुईला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आजोबा स्टुलावर बसले. चिमट्याने एक दाणा सोडवून त्यांनी तो तळहातावर घेतला. राळेने तो मधासारखा पिवळा झाला होता.

"जन्मभर तिच्या गोधड्या अंगावर घेतल्या मी," ते म्हणाले. "त्यात तांदूळ असतात हे मला आज कळतंय."

ते उठून आतल्या खोलीत गेले. जुईने दारातून पाहिलं. आजोबा पलंगाच्या कडेला बसून आपल्या जुन्या गोधडीचे कोपरे एकेक करून चाचपत होते. एका कोपऱ्यापाशी त्यांची बोटं थांबली आणि मग तिथेच राहिली.

जुई पाऊल न वाजवता मागे फिरली.

"मीच तोडला पंख," तिने टकल्याला सांगितलं.

"तांदळाने तोडला," टकल्या म्हणाला. "थरांच्या मधे दाणा आला, की राळ नीट चिकटत नाही. दाण्याभोवती पोकळी राहते. फटीला सुरुवात करायला तेवढं पुरतं." टकल्याला समजूत घालता येत नसे. पण तो तिच्या पायापाशी येऊन बसला आणि बराच वेळ तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा चहाचा कप घेऊन आले तेच बोलत. "हवामानवाले सांगतात, पुढच्या आठवड्यात उघडीप आहे. त्यानंतर आभाळ बंद. ऊठ."

"काय करायचं?"

"नवा पंख. आणि रडूबाई, एक गोष्ट ऐकून ठेव. अर्धी चूक तुझी. पण अर्धी माझी."

"तुमची कशी?"

"तुझ्या तांदळाने मरावं इतका पंख नाजूक असला, तर गारेने नाही मरणार? एखाद्या समुद्रपक्ष्याच्या धडकेने? माझ्या हातून पाना निसटून पडला असता तर? पदर सुटायला कारण हजार सापडतात, सगळी कारणं कोण टाळत बसणार? सुटलेला पदर पुढे पसरू नये, ही सोय करायची. ती कशी करायची ते मला ठाऊक होतं. केली नाही. म्हटलं, लहानसा पंख, एकच प्रवास, कशाला उपद्व्याप." त्यांनी कप खाली ठेवला. "आता तू सांग. गोधडीत कापडाचे इतके थर असतात. तिथे राळ नाही, गोंद नाही. मग ते सुटत का नाहीत?"

जुईने डोळे पुसले. "टाके असतात."

"टाका करतो काय?"

"वरून जातो, सगळ्या थरांतून खाली जातो, पुन्हा वर येतो."

"म्हणजे जिथे आपल्या पंखात एकही तंतू नाही, तिथेच नेमका दोरा जातो. थराला आरपार. विमानं करणारे हेच करतात. कोरडं कापड रचायचं, ते शिवायचं आणि मग राळ मुरवायची. चल, सुई घे."

"पंखच शिवायचा?"

"आधी पट्ट्या. पंखावर शिकलीस तर आईच्या गोधडीचं काय होईल?"

दोरा साधा नव्हता. तो पिवळा, सहसा न तुटणारा अॅरामिड (गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात तो धागा) होता. आजोबांनी वीतभर लांबीच्या पट्ट्या कापल्या. पहिली त्यांनी बिनटाक्याची ठेवली. दुसरी जुईकडे दिली. जुईने ती अशी शिवली, की मुंगी शिरायला जागा नाही. टाक्याला टाका लागून.

"एवढे दाट?" टकल्या म्हणाला.

"तू गप्प बस. जितके जास्त, तितकं मजबूत."

आजोबा मिशीतल्या मिशीत हसले, पण त्यांनी अडवलं नाही. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाशी थरांमध्ये प्लास्टिकचा एक तुकडा ठेवला होता, म्हणजे तिथे ती चिकटणार नाही आणि तिचं तोंड उघडं राहील. राळ मुरवून, भट्टीत तापवून, थंड करून पट्ट्या टकल्यापुढे आल्या. सहा पायांपैकी दोन पायांनी त्याने पट्टीचे दोन ओठ धरले आणि ओढायला सुरुवात केली.

पहिली पट्टी. चर्रर्र. एका दमात टोकापर्यंत सोलून निघाली.

"केळ्याचं साल बरं यापेक्षा," आजोबा म्हणाले.

जुईची पट्टी. टकल्याने ओढलं. फट उघडली, पहिल्या टाक्यापाशी आली आणि अडली. त्याने जोर वाढवला. फट हटेना.

"बघितलंस!" जुईने टाळी वाजवली.

"भेग पुढे जायची तर थर फाकले पाहिजेत," आजोबा म्हणाले. "पण दोरा दोन्ही ओठ धरून बसलाय. आधी त्याला ताणा, मग तोडा, मग पुढचा टाका आहेच उभा. प्रत्येक टाक्याला जोर खर्च होतो. याला भेदकणखरता (भेग पुढे जाण्याला होणारा विरोध) म्हण. आता टकल्या, तीच पट्टी जरा दोन्ही टोकं धरून वाकव."

टकल्याने वाकवली. कट्.

पट्टी मधोमध तुटली. जुईच्या टाक्यांच्या रांगेवर, सरळ रेषेत.

जुईने तुटलेले दोन तुकडे उचलून जुळवून बघितले.

"वहीचं पान फाडायचं असलं की तू काय करतेस?" आजोबांनी विचारलं. "टोचणीने ओळीने भोकं पाडतेस. मग ते कसं सुबक फाटतं! सुई आत जाते तेव्हा काही तंतू बाजूला सरकतात, वाकडे होतात, काही तुटतात. दाट टाके घातलेस, तर थर सुटणार नाहीत, पण कापडच दुबळं होईल. आजी गोधडीला असे टाके घालायची?"

"नाही," जुई हळूच म्हणाली. "लांब लांब घालायची. मी दाट घातले, की म्हणायची, अगं, गोधडीला श्वास घेऊ दे."

मग विरळ टाक्यांची पट्टी झाली. त्याहून विरळ झाली. आणखी एक युक्ती आजोबांनी दाखवली. दोन थरांमध्ये नायलॉनच्या बारीक तंतूंचा, जळमटासारखा पातळ पापुद्रा घालायचा. भेग त्यात शिरली, की हजार धाग्यांत अडखळते, सरळ वाट सापडत नाही, दमते. टाक्यांच्या मधली जागा हा पापुद्रा सांभाळतो आणि त्यातूनही निसटलेली भेग टाक्यापाशी थांबते. ती पट्टी टकल्याने ओढली, वाकवली, पिळली. शेवटी म्हणाला, "माझे पाय दुखतात." त्याचे पाय दुखत नसत. हा वाक्प्रचार तो आजोबांकडून शिकला होता.

पाऊस सड्यावर आडवा झोडपत होता आणि आत जुई पंख शिवत होती. वाकड्या सुईने, हातमोजे घालून, काळ्या कापडात पिवळा धावदोरा. बोटं दुखायची. मधेच रेडिओ खरखरायचा.

"जुई... जेवली... का गं... आज इथे लाटा..." आणि मग नुसती खरखर.

ढग दाटले की असंच व्हायचं. एक वाक्य पोचायचं, दोन गळायची. जुई बटण दाबून "आई? आई?" म्हणत राहायची, आणि पलीकडून काही आलं नाही की सुई पुन्हा हातात घ्यायची.

"मला वाटतं, ती मला हळूहळू विसरेल," एकदा ती मान वर न करता म्हणाली.

पंखाच्या कापडावरून बोट फिरवत आजोबा म्हणाले, "हा तुझा टाका. वर दिसतोय. पुढे कुठे गेला?"

"आत गेला. खालून."

"दिसत नाही म्हणजे तुटला का?"

"नाही. दोरा तोच असतो."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले आणि राळेचा डबा आणायला गेले.

पंख भट्टीतून निघाला, त्या दिवशी टकल्याने तो बुडापासून टोकापर्यंत ठोकला. ठक, ठक, ठक. जुई श्वास धरून ऐकत होती. कुठेही टप नाही.

उघडीप आली. धुतलेलं आभाळ, आणि सड्यावर बारीक जांभळी फुलं. जुईने गोधडीचा शेवटचा कोपरा आजोबांपुढे धरला. आत चिमूटभर तांदूळ घातले आणि टाका मारून दोरा तोडला.

"आता बरोबर जागी गेले," आजोबा म्हणाले.

गोधडी घडी करून घारीच्या पोटात गेली. आजोबांनी घार वाऱ्याच्या तोंडाशी धरली आणि सोडली. ती एकदा डगमगली, मग तिचे लांब पंख वाकले, सरळ झाले आणि ती सड्याच्या कड्यावरून समुद्राकडे निघून गेली. काळा ठिपका झाली. मग तोही दिसेना.

त्यानंतरचा वेळ फार मोठा होता. आजोबांनी पेज केली, कोणी खाल्ली नाही. जुई रेडिओपुढे बसून राहिली. टकल्या तिच्या पायापाशी.

ऊन कलायला लागलं, तेव्हा खरखर झाली.

"जुई? अगं, आली! तुमची घार आली!" आईचा आवाज. मग जरा घाबरा. "पण उतरताना वारा फिरला गं. टाक्यांचा पंख कठड्यावर आपटला. जोरात. वर नुसता एक पुसटसा डाग दिसतोय. मी तिला परत पाठवू का नको?"

आजोबांनी हात पुढे केला होता, पण जुईने आधीच बटण दाबलं. "आई, चमचा घे. डागापासून लांब सुरुवात कर. पंखावर हलके ठोकत ये. रेडिओ जवळ धर. टकल्या ऐकेल."

समुद्रावरून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

टप.

जुईने आजोबांकडे पाहिलं. तिने पुन्हा बटण दाबलं.

"थांबू नकोस. बोटभर पुढे सरक."

ठक.

"आता मागे. वर. खाली."

ठक. ठक. ठक.

"टप बोटभर जागेतच आहे. म्हणजे सुटलेली जागा दोन टाक्यांच्या मधे आहे," टकल्या म्हणाला. "चारी बाजूंनी टाक्यापाशी थांबली आहे. पलीकडे गेलेली नाही."

आजोबांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. "येऊ दे परत तिला," ते म्हणाले. "मधलं एवढंसं सुटलं तर सुटू दे. पसरलं नाही, हेच पाहिजे होतं आपल्याला." त्यांचं बोट टेबलावर काहीतरी आखायला लागलं होतं, एक लांब रेष आणि मधे एक पोट. "असाच मोठा पंख केला ना, जुई, तर नारळी पौर्णिमेची वाट बघायला नको. माणूस बसेल एवढी घार. पुढच्या वर्षी नाही, पण तू मोठी होईस्तोवर नक्की."

"शिवणार मी," जुई म्हणाली. "विरळ."

रेडिओवर आई हसली. "गोधडी घेऊन बसलेय मी, जुई. कोपऱ्यात काहीतरी हाताला लागतंय."

"आई, ते..."

"ठाऊक आहे गं. माझ्या लहानपणच्या गोधडीतही..."

खरखर आली आणि आईचा आवाज बुडाला. पश्चिमेला ढग पुन्हा जमायला लागले होते. जुईने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. एकही शब्द येईना.

मग त्या खरखरीतून, अगदी बारीक, आलं.

ठक. ठक. ठक.

"तपासणी संपली आहे," टकल्या गोंधळून म्हणाला. "त्या अजून का ठोकत आहेत?"

जुईने त्याच्या हाताच्या टोकाची हातोडी अलगद काढून घेतली. रेडिओचं बटण दाबून तिने टेबलाच्या लाकडावर तेवढेच हलके ठोके दिले आणि पलीकडचा पुढचा ठोका ऐकायला कान लावला.